ज्येष्ठांचे पडणे आणि त्यानंतरच्या धोक्याच्या खुणा : चंदीगडच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. राज्यवार पाहता हे प्रमाण केरळमध्ये सर्वाधिक, १२.६ टक्के होते. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाने केलेल्या अंदाजानुसार २०३६ मध्ये देशातील ज्येष्ठांची संख्या सुमारे २२.७ कोटी आणि त्यांचा वाटा १४.९ टक्के असेल. जननदरातील घट आणि वाढते आयुर्मान ही या बदलाची दोन कारणे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत.

या विषयाच्या अभ्यासात वृद्ध अवलंबित्व गुणोत्तर ही संकल्पना हमखास येते. १५ ते ५९ वयोगटातील दर शंभर व्यक्तींमागे साठीपुढील व्यक्ती किती, हे या गुणोत्तरातून कळते. २०११ मध्ये ते देशासाठी १४.२ होते. परंतु या मापनाची एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. रोज सकाळी तीन किलोमीटर चालणारी सत्तर वर्षांची व्यक्ती आणि त्याच वयाची अंथरुणाला खिळलेली व्यक्ती या गुणोत्तरात सारख्याच मोजल्या जातात. प्रत्यक्षात कुटुंबावर, रुग्णालयावर आणि सार्वजनिक तिजोरीवर पडणारा भार या दोघांच्या बाबतीत अगदी भिन्न असतो. पहिल्या स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्यास पुष्कळदा एकच घटना कारणीभूत ठरते, ती म्हणजे घरातल्या घरात पडणे. पडण्यापेक्षाही, पडल्यानंतरच्या खुणा वेळीच न ओळखल्यामुळे होणारे नुकसान अनेकदा मोठे असते. प्रस्तुत लेखाचा विषय या खुणा हा आहे.

समस्येचे आकारमान

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार एखादी व्यक्ती अनवधानाने जमिनीवर किंवा अन्य खालच्या पातळीवर येऊन स्थिरावते, त्या घटनेस पडणे म्हणतात. संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार व्यक्ती पडण्यामुळे मृत्यू पावतात. अनपेक्षित दुखापतींमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांखालोखाल पडण्याचा क्रम लागतो. यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्न असलेल्या देशांत होतात. संघटनेच्या २००७ च्या अहवालात ६५ वर्षांपुढील व्यक्तींपैकी २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी पडतात आणि सत्तरीनंतर हे प्रमाण ३२ ते ४२ टक्क्यांपर्यंत जाते, असे नमूद केले आहे.

भारतात या विषयावरील नोंदी विरळ आहेत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वार्धक्याविषयीचे दीर्घकालीन सर्वेक्षण हाती घेतले. त्याच्या पहिल्या फेरीचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पडण्याविषयीचे प्रश्न समाविष्ट होते. साठीपुढील सुमारे ७५ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार आणि ४० टक्के व्यक्तींना एखादे अपंगत्व असल्याचे या सर्वेक्षणात आढळले. मृत्यूच्या नोंदींची स्थिती याहून असमाधानकारक आहे. २०२० मध्ये देशातील नोंदणीकृत मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. खुब्याचे हाड मोडून दोन महिने अंथरुणावर राहिलेली आणि अखेर न्यूमोनियाने दगावलेली वृद्धा नोंदवहीत ‘न्यूमोनिया’ किंवा नुसते ‘वृद्धापकाळ’ अशी नोंदली जाते; पडणे त्या नोंदीत कोठेच नसते. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होणे अवघड, हे येथे स्पष्ट दिसते.

चंदीगडचे चित्र

ली कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार उभे राहिलेले चंदीगड १९५३ मध्ये पंजाबची राजधानी झाले आणि १ नोव्हेंबर १९६६ पासून तो केंद्रशासित प्रदेश आहे. २०११ मध्ये त्याची लोकसंख्या १०,५५,४५० होती. सुमारे १,२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद अशा सेक्टरांची रचना, प्रत्येक सेक्टरात बाजार, शाळा, दवाखाना आणि हिरवा पट्टा ही या शहराची वैशिष्ट्ये होत. चालण्यास सोयीचे शहर म्हणून त्याचा लौकिक आहे. १९५८ मध्ये निर्माण केलेल्या सुखना तलावाच्या काठी पहाटे फिरणाऱ्यांत ज्येष्ठांची संख्या डोळ्यांत भरते.

तथापि ज्येष्ठ व्यक्ती बहुधा तलावाकाठी पडत नाही. ती न्हाणीघरात, पलंगाच्या कडेला आणि जिन्यात पडते. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या चंदीगड गृहनिर्माण मंडळाच्या अनेक जुन्या इमारती तीन-चार मजली असून त्यांत उद्वाहन नाही. चाळिशीत वरच्या मजल्यावर सदनिका घेतलेला कर्मचारी आज ऐंशीच्या घरात आहे; जिना मात्र तोच आहे. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत रात्री लघवीला उठणे, जड रजई, पायांत लोकरी मोजे, गुळगुळीत फरशी आणि धुक्यामुळे सकाळीही अपुरा उजेड, या सर्वांचा एकत्रित परिणाम होतो.

याखेरीज एक सामाजिक घटक आहे. शासकीय सेवेतून व सैन्यदलातून निवृत्त झालेल्यांची या शहरात, तसेच लगतच्या मोहाली व पंचकुला येथे मोठी वस्ती आहे. अनेकांची मुले कॅनडात किंवा अन्य देशांत स्थायिक झाली आहेत. निवृत्तिवेतन आहे, स्वतःचे घर आहे, वैद्यकीय सुविधेचे कार्ड आहे. परंतु रात्री दोन वाजता पडल्यानंतर उचलणारे कोणी नाही, अशी ही स्थिती असते. पुण्याच्या कोथरूडमध्ये किंवा नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्या वाचकास हे चित्र अपरिचित वाटू नये.

वैद्यकीय सुविधांच्या बाबतीत चंदीगड भाग्यवान आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेली आणि १९६७ मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरलेली पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे सर्वतोमुखी असलेली ‘पीजीआय’, सेक्टर १२ मध्ये आहे. सेक्टर ३२ मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि सेक्टर १६ मधील शासकीय बहुविध उपचार रुग्णालय ही शहरातील अन्य मोठी रुग्णालये होत. पीजीआयकडे पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि जम्मू-काश्मीरमधूनही रुग्ण येतात, त्यामुळे तेथील गर्दी नित्याची आहे. रुग्णालय दहा मिनिटांच्या अंतरावर असूनही रुग्ण तेथे दहा दिवसांनी पोहोचत असेल, तर दोष अंतराचा नसून ओळखीचा आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही माहितीच्या अभावाची समस्या आहे.

पहिल्या तासातील खुणा

वृद्ध व्यक्ती पडली की घरच्यांची पहिली प्रतिक्रिया तिला दोन्ही काखांत धरून उभे करण्याची असते. ही प्रतिक्रिया स्वाभाविक असली तरी धोक्याची आहे. मान किंवा पाठ तीव्र दुखत असेल, हातपाय बधिर किंवा निर्जीव वाटत असतील, तर त्या व्यक्तीस न हलवता रुग्णवाहिका बोलावणे आवश्यक असते. शुद्ध हरपणे, पुन्हा पुन्हा उलटी होणे, न थांबणारा रक्तस्राव, झटका येणे, असंबद्ध बोलणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, यांपैकी एकही खूण दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. देशभर ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून कार्यरत आहे.

व्यक्ती किती वेळ जमिनीवर पडून होती, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. तासाहून अधिक काळ पडून राहिल्यास दाबाखालील स्नायूंतील पेशी फुटतात, त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. लघवी गडद चहासारखी होणे ही त्याची खूण होय. थंडीच्या दिवसांत शरीराचे तापमान घसरण्याचा धोकाही असतो. एकटी राहणारी व्यक्ती सकाळी मोलकरीण येईपर्यंत जमिनीवरच राहिली असेल, तर बाहेरून काहीही लागलेले नसले तरी तिला रुग्णालयात नेणे योग्य ठरते.

चालता येते म्हणजे हाड शाबूत, हा गैरसमज

खुब्याचे हाड मोडल्यास तो पाय बहुधा किंचित आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळते. पायावर भार देता येत नाही. ही खूण सहज ओळखू येते. फसवणूक होते ती वेगळ्या प्रकारात. काही वेळा मोडलेल्या हाडाची टोके एकमेकांत रुतून बसतात आणि व्यक्ती लंगडत का होईना, चालते. वेदना जांघेत किंवा चक्क गुडघ्यात जाणवते. घरात गुडघ्याला मलम चोळले जाते आणि मोड खुब्यात असतो. पहिल्या क्ष-किरण चित्रात अशी सूक्ष्म मोड दिसेलच असे नाही. वेदना कायम राहिल्यास पुढील तपासणीचा आग्रह धरणे आवश्यक असते.

पाठीच्या मणक्यांबाबतही हेच घडते. हाडांचा ठिसूळपणा असलेल्या स्त्रीच्या बाबतीत नुसते खाली बसताना आदळण्यानेही मणका दबू शकतो. पडल्यानंतर नव्याने सुरू झालेली पाठदुखी, उंची कमी झाल्यासारखी वाटणे, पोक येणे या त्याच्या खुणा होत. पाठदुखीबरोबर पायांतील शक्ती गेली किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर ती तातडीची स्थिती समजावी. बरगडी मोडल्यावर दुखते म्हणून वृद्ध व्यक्ती खोल श्वास घेत नाही, खोकणे टाळते आणि काही दिवसांत फुप्फुसात संसर्ग होतो. पडल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी आलेल्या तापाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

खुब्याच्या मोडीत विलंब फार महाग पडतो. शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या ४८ तासांत व्हावी, असा वैद्यकीय संकेत आहे. अंथरुणावरील प्रत्येक दिवस स्नायूंची झीज, शय्याव्रण, पायांतील रक्तवाहिन्यांत गुठळ्या आणि न्यूमोनिया यांना वाट करून देतो.

तीन आठवड्यांनी उमटणारी खूण

सर्वाधिक दुर्लक्षित आणि म्हणूनच सर्वाधिक अभ्यासण्याजोगी बाब म्हणजे डोक्याची दुखापत. वयानुसार मेंदूचा आकार थोडा आकसतो आणि कवटी व मेंदू यांच्यातील जागा वाढते. त्या जागेतून जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. किरकोळ धक्क्यानेही त्यांपैकी एखादी फाटू शकते आणि मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचू लागते. रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी औषधे घेणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. हृदयविकाराच्या रुग्णांना दिले जाणारे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि वॉरफरिन ही त्यांतील परिचित नावे. अशी औषधे घेणाऱ्या व्यक्तीच्या डोक्याला मार लागला असेल, तर ती ठणठणीत दिसत असली तरी डॉक्टरांना दाखवणे इष्ट होय. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. डोक्याच्या मारानंतर क्षणभर शुद्ध हरपली असेल, विस्मरण वा गोंधळ झाला असेल, तर कॅनडात विकसित झालेल्या व जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमावलीप्रमाणे ६५ वर्षे वा अधिक वय हा एकच निकष सीटी स्कॅनसाठी पुरेसा मानला जातो.

हा रक्तस्राव कधी तासाभरात प्राणघातक ठरतो, तर कधी इतका सावकाश होतो की लक्षणे दोन-तीन आठवड्यांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्यावर घरी पडल्यानंतर १० ऑगस्ट २०२० रोजी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात मेंदूतील रक्ताची गाठ काढण्याची शस्त्रक्रिया झाली. त्यांना कोविडचीही लागण झाल्याचे त्याच वेळी आढळले आणि ३१ ऑगस्ट रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रकरणात दुखापतीची दखल तातडीने घेतली गेली. सर्वसामान्य घरात सावकाश साचणारे रक्त वेगळ्या नावाने वावरते.

आजोबा दिवसा झोपू लागतात. जेवताना हातातून घास निसटतो. डोके दुखते असे अधूनमधून म्हणतात. चालताना एका बाजूला झुकतात, कपड्यात लघवी होते, एरवी शांत स्वभावाचा माणूस चिडचिडा होतो. ‘आता वय झाले’ असे म्हणून घरचे स्वतःची समजूत घालतात. कोणी स्मृतिभ्रंशाची शंका घेते. महिन्यापूर्वीचे न्हाणीघरातील पडणे तोवर सर्वजण विसरलेले असतात आणि डॉक्टरांनी विचारले नाही तर कोणी सांगत नाही. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही की स्मृतिभ्रंश हळूहळू, वर्षानुवर्षे वाढतो, तर हा बदल काही दिवसांत वा आठवड्यांत होतो. एका सीटी स्कॅनने निदान होते आणि कवटीला छिद्र पाडून रक्त काढण्याच्या तुलनेने छोट्या शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्ण पूर्ववत होतात. बरा होऊ शकणारा आजार केवळ नाव चुकल्यामुळे असाध्य ठरावा, याहून मोठा अपव्यय कोणता? पडल्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवणे हा यावरील बिनखर्चाचा उपाय आहे.

पडणे हेच लक्षण

‘पाय घसरला’ हे उत्तर वृद्ध व्यक्ती सवयीने देते. त्यात संकोच असतो आणि स्वातंत्र्य गमावण्याची भीतीही. परंतु घसरणे आणि कोसळणे यांत फरक आहे. पडण्यापूर्वी डोळ्यांपुढे अंधारी आली होती काय, छातीत धडधड झाली काय, पडल्याचा क्षण आठवतो काय, हे विचारले तर हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता उघडकीस येऊ शकते. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडे बोलणे ही पक्षाघाताची चिन्हे असून त्यात गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. मधुमेहाच्या रुग्णात साखर एकाएकी उतरणे, लघवीच्या मार्गातील संसर्ग, रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडणे ही कारणेही असतात. वृद्धांत संसर्ग झाला तरी ताप येतोच असे नाही, पडणे आणि गोंधळलेली मनःस्थिती हीच त्याची पहिली खूण ठरू शकते.

झोपलेल्या स्थितीतून उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरणे, यास स्थितिजन्य रक्तदाबघट म्हणता येईल. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी, पुरःस्थ ग्रंथीची आणि झोपेची औषधे एकत्र घेणाऱ्यांत ती विशेष आढळते. वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली औषधे एकाच पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना दाखवणे, ही साधी कृती त्यामुळे उपयुक्त ठरते.

खर्च कोण सोसतो

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) रुग्णालयात दाखल होण्याच्या दर प्रकरणी सरासरी वैद्यकीय खर्च, प्रसूती वगळता, शासकीय रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. ही प्रगती दखलपात्र आहे. मात्र पडण्याच्या घटनेत रुग्णालयाचे देयक हा खर्चाचा एक भाग असतो. घरी परतल्यावर भौतिकोपचार, पलंग, चाकांची खुर्ची, दिवसा-रात्रीची मदतनीस आणि सर्वांत मोठे म्हणजे घरातील कोणाचा तरी वेळ, हे कोणत्याही देयकात दिसत नाहीत. २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील व्यक्तींच्या संगोपन-शुश्रूषेत सहभागी होत्या आणि त्या दिवसाला सुमारे १४० मिनिटे देत. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के व ७४ मिनिटे होते. यात बालसंगोपनही समाविष्ट आहे. तरीही सासूचे हाड मोडल्यावर नोकरी कोण सोडते, याचे उत्तर या आकड्यांत सापडते.

धोरणांची व्याप्ती आणि त्यातील रिकाम्या जागा

वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण १९९९ मध्ये जाहीर झाले. पालक व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम २००७ मध्ये संमत झाला. त्यात शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्यतो खाटा आणि स्वतंत्र रांग यांची तरतूद आहे. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. चालण्याच्या काठ्या, वॉकर, चष्मे, श्रवणयंत्रे पुरवणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ ची आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत ७० वर्षे व त्यापुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या किंवा माजी सैनिकांच्या अंशदायी योजनेच्या लाभार्थ्यांना दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. चंदीगडसारख्या निवृत्तांच्या शहरात ही अट अनेकांना लागू होते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदत क्रमांकही उपलब्ध आहे.

या सर्व उपाययोजनांत रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचा खर्च आणि पडण्यापूर्वीची साधने यांची काळजी बऱ्याच अंशी घेतली गेली आहे. मधला टप्पा, म्हणजे पडण्यापासून रुग्णालयापर्यंतचा काळ, मोकळा राहिला आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये ज्येष्ठांची काळजी समाविष्ट आहे. आशा कार्यकर्ती घरोघरी जो तपासणी तक्ता भरते, त्यात साठीपुढील व्यक्तींसाठी उभे राहताना किंवा चालताना तोल जातो काय, असा प्रश्न आहे. तो योग्यच आहे. त्यालाच जोडून मागील तीन महिन्यांत पडणे झाले काय, डोक्याला लागले काय, त्यानंतर झोप, बोलणे किंवा चालणे बदलले काय, हे तीन प्रश्न विचारता येतील. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत येऊन बसण्यास बारा सेकंद वा अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका आहे असे मानणारी चाचणी त्याच भेटीत, घड्याळाखेरीज कोणत्याही उपकरणाविना करता येते. वरच्या मजल्यांवर एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांच्या सेक्टरांत आशा कार्यकर्तीची फेरी क्वचितच होते. तेथे हे प्रश्न निवृत्तिवेतनधारकांच्या संघटनांना आणि सेक्टरांतील रहिवासी कल्याण संघांनाच विचारावे लागतील.